जुनी मॅकग्रेगर २६एस, तीन सीझननंतर: बोट बरी, पाण्याची टाकी झकास, ट्रेलरने मात्र रडवलं

आधी पैशाचं सांगून टाकतो, कारण बोट घेतली म्हटल्यावर आपल्या लोकांचा पहिला प्रश्न "केवढ्याला पडली" हा असतो आणि दुसरा "कशाला घेतली" हा. १९९३ ची मॅकग्रेगर २६एस ही शिडाची बोट, सोबत ट्रेलर आणि ८ हॉर्सपॉवरचं जुनं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, सगळं मिळून ४८०० डॉलर. मालक ६२०० मागत होता. त्यानंतर पहिल्या सहा महिन्यांत बोटीवर साडेसहाशे गेले आणि ट्रेलरवर चौदाशे. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला असं ऐकलं होतं, इथे मसाला राहिला बाजूला आणि सगळा खर्च कोंबडीच्या खुराड्यावर झाला. कशाला घेतली याचं बायकोला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही.

आम्ही अमेरिकेत टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. समुद्र इथून पाचेक तासांवर, पण तळी भरपूर, आणि वसंतात दक्षिणेचा वारा सुटला की दुपारी घराबाहेरच्या खुर्च्या उडून शेजाऱ्याकडे जातात. मला शिडाच्या बोटीचा नाद २००९-१० मध्ये लागला, नौदलाचे दिलीप दोंदे म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करत होते तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये बसून त्यांच्या बातम्या वाचायचो. कुठे ५६ फुटी म्हादेई आणि दक्षिण महासागर आणि कुठे मी, इथल्या लेक टेक्सोमा या तळ्यावर पोह्यांचा डबा घेऊन, पण नाद तो नाद. इथे आल्यावर एएसए १०१ हा शिडाची बोट चालवायचा वीकेंडचा कोर्स केला, एक वर्ष भाड्याच्या बोटी चालवल्या, आणि मग आठ महिने रोज रात्री जेवण झाल्यावर जाहिराती बघत बसलो.

हीच बोट का, तर मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, जागा घ्यायची तर महिन्याचं भाडं कायमचं मागे लागतं, म्हणून ट्रेलरवरून नेता येईल अशी हवी होती, आणि ओढायला घरात एकच गाडी, टोयोटा हायलँडर, व्ही६, कागदावर ५००० पौंड ओढते. आता कॅटलिना २२ घ्या, चांगलीच बोट आहे, हजारोंनी बनल्यात, पण तिची ५५० पौंडांची लोखंडी कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, रस्त्यावरही सोबतच असते. मॅकग्रेगर २६एस मध्ये पोटात टाकी आहे, बोट पाण्यात सोडली की टाकीत १२०० पौंड पाणी भरायचं, घरी येताना ओतून द्यायचं. रिकामी बोट १६५० पौंड आणि भरल्यावर २८५०. हंटर २३.५ मध्येही अशीच टाकी असते, १००० पौंडांची, ती एक बघितली होती पण डेक पाऊल ठेवलं की पावासारखा दबत होता. कॅटलिना २५० चं पाणीवालं मॉडेल सगळ्यात आवडलं होतं, पण साडेआठ फूट रुंद आणि किंमत दुप्पट, त्यामुळे ते फोटोत बघून सोडून दिलं.

मॅकग्रेगरचं थोडं समजून घ्या, म्हणजे जाहिरातीत गोंधळ होणार नाही, कारण विकणारे सगळ्यांनाच "मॅक २६" म्हणतात. कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला कारखाना होता, २०१३ साली बंद झाला. २६डी ही १९८६ ते ८९ ची, तिच्यात उभं वर-खाली सरकणारं बोर्ड, म्हणजे बोट वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी. २६एस ही १९९० ते ९५ ची, हिचं बोर्ड पाठीमागे वर झुलत जातं, म्हणजे चुकून उथळात गेलात तर आपोआप वर उचललं जातं. त्यानंतरच्या २६एक्स आणि २६एम या ५० हॉर्सपॉवरचं इंजिन लावून मोटरबोटीसारख्या पळणाऱ्या. बोर्ड वर असताना आमची बोट सव्वा फूट पाण्यात तरंगते, गुडघाभर पाण्यात उतरून पोरांना किनाऱ्यावर नेता येतं, हे एकच कारण बायकोला त्या दिवशी पटलं होतं.

आता टाकीबद्दल, कारण सगळे तिथेच अडतात. १२०० पौंड म्हणजे साधारण ५४५ लिटर, आपल्याकडे गच्चीवर ती काळी ५०० लिटरची सिंटेक्सची टाकी असते ना, तेवढं पाणी बोटीच्या तळाला पसरून बसलंय असं समजा. बोट घेतली तेव्हा माझे बाबा भारतातून आले होते. त्यांचं लहानपण वेंगुर्ल्याचं, त्यांच्या मामांचा मचवा होता. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं की बाबा हिच्यात शिसं नाही लोखंड नाही, पाणीच वजन म्हणून वापरतात. ते म्हणाले, "म्हणजे नीरम. आमच्याकडे मचवा रिकामा जायचा असेल तर खाली वाळू नाहीतर दगड टाकायचे. पण पाण्यात पाण्याचं नीरम? पाण्याला पाणी जड कसं होईल रे?"

प्रश्न एकदम बरोबर आहे आणि मला कोर्समध्येही कोणी नीट सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांनी बाबांनीच सोडवला. विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्याखाली असेपर्यंत काहीच वजन लागत नाही, पाण्याच्या वर आली की रहाटाची दोरी हाताला कापायला लागते. तसंच हे. बोट सरळ उभी असते तेव्हा टाकीतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतं, ते जवळजवळ काहीच करत नाही. बोट कलंडली की टाकीची एक बाजू वर उचलली जाते, तिथलं पाणी आता बाहेरच्या पाण्याच्या वर आलं, आता त्याला वजन आलं, आणि ते बोटीला परत खाली खेचतं. म्हणून ही बोट सुरुवातीला पटकन कलते, अगदी कोणी एका बाजूला जाऊन बसलं तरी, आणि मग पंधरा-वीस अंशांवर कोणीतरी खांद्यावर हात ठेवावा तशी थांबते. पहिल्यांदा बसणाऱ्याला आधी सांगून ठेवा. आम्ही नाही सांगितलं, मित्राची बायको त्या दिवसानंतर आली नाही.

मालक म्हणजे एक रिटायर्ड म्हातारबाबा, टेक्सोमाच्या जवळच्या छोट्या गावातले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून विकत होते. माणूस गोड, आइस्ड टी दिला, अर्धा तास बोटीच्या गोष्टी सांगितल्या, आणि मी त्यातच फसलो. मी काय केलं तर आधी बोटीवर चढलो. केबिन बघितली, उशा बघितल्या, छोटा सिंक बघितला, शिडं उलगडून बघितली आणि मनातल्या मनात बोट माझी झाली. मग खाली उतरून ट्रेलर बघितला तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती. तुम्ही उलटं करा, आधी अर्धा तास ट्रेलरखाली झोपा, मगच शिडी लावा.

काय बघायचं ते सांगतो. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. माझ्या टायरवर ३१११ होतं, म्हणजे २०११ चा एकतिसावा आठवडा. नक्षी एकदम नवी कोरी, कारण बोट वर्षातून दोनदाच हलायची, आणि मी नक्षी बघून खूश झालो. घरी आणताना हायवे ७५ वर शर्मनच्या आधी उजवा टायर फाटला, फुटला नाही, पट्ट्यासारखा सोलवटत गेला आणि मडगार्ड घेऊन गेला. स्टेपनी नव्हती. जुलै महिना, दुपारी तीन वाजता, एकशे चार डिग्री, बाजूने ट्रक जातायत आणि प्रत्येक ट्रकबरोबर ट्रेलर हलतोय. साडेतीन तास गेले. बायको गाडीत एसी लावून बसली होती आणि काही बोलली नाही, तेच जास्त वाईट होतं.

नंतर ट्रेलर एका वर्कशॉपला नेला तर त्या पोराने पानांच्या स्प्रिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर घातला आणि पापुद्रे निघायला लागले, शिळ्या भाकरीसारखे. बेअरिंगमधलं ग्रीस कॉफीत दूध घातल्यासारखं झालेलं, म्हणजे आत पाणी गेलेलं. याचं कारण साधं आहे, लांबून आलात की हब तापलेले असतात, तसेच थंड पाण्यात ढकलले की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, पोचल्यावर वीस मिनिटं थांबायचं, तेवढ्यात डोलकाठी उभी करून होते. ब्रेक तर होतेच नाही म्हणा, सिलिंडर जाम. दोन टायर, एक स्टेपनी, स्प्रिंग, बेअरिंग, ब्रेक, दिवे, चौदाशे. याला कंपनीला दोष देऊन काय उपयोग, तीस वर्षांचं लोखंड आहे, वर्षातून दोनदा पाण्यात बुडवलेलं आणि कोणी गोड्या पाण्याने पाइप मारलेला नाही.

बोटीचं त्या मानाने सोपं गेलं. डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत फिरलो, बाजारात नारळ वाजवून घेतो तसं. चांगल्या जागी टणक आवाज येतो, आत लाकूड कुजलं असेल तिथे बद्द येतो. डोलकाठीच्या पायाशी आणि नंतर कोणी ड्रिल मारून काही बसवलं असेल तिथे जास्त वेळ द्या, माझ्या बोटीत दोरी बांधायच्या एकाच क्लीटभोवती तळहाताएवढी जागा बद्द होती. डोलकाठीच्या तारा हाताला कापड गुंडाळून वरपासून खालपर्यंत ओढा, कापड कुठे अडकलं तर तिथे तारेचा एक पीळ तुटलाय. दोन अडकले. तारा सगळ्याच बदलल्या, तीनशेच्या आसपास गेले आणि तो खर्च मला अजिबात खटकला नाही, काठी डोक्यावर पडण्यापेक्षा बरं. बोर्ड वर ओढायची दोरी अर्धी झिजलेली होती, ती तुटली तर बोर्ड पूर्ण खाली लटकत राहणार आणि मग ट्रेलरवर चढवायची कशी? वीस डॉलरची दोरी, आल्या आल्या बदला.

आणि टाकी गळते का, हे कसं बघायचं. केबिनच्या तळाला थोडं पाणी साचलेलं होतं, म्हातारबाबा म्हणाले पावसाचं आहे. असेलही, पण टाकीचं असेल तर प्रकरण वेगळं. किंमत त्यावरच अडवून धरली आणि तिथेच खाली आली. घरी आणल्यावर बायकोचा केकचा लाल रंग घेतला, दहा बादल्या पाणी टाकीत टाकलं, पूर्ण भरू नका हं, बाराशे पौंड ट्रेलरवर जमिनीवर उभं करणं बरोबर नाही, त्यात रंगाची अख्खी बाटली ओतली आणि तळ कोरडा पुसून ठेवला. रात्री पाऊस पडला. सकाळी मुलगी आधी जाऊन बघून आली, "बाबा, पाणी आहे पण पांढरं आहे!" म्हणजे खिडकीतून येत होतं. खिडक्या काढून नवीन सीलंट लावलं, एक शनिवार गेला. मुलीला हळद घालून बघायची होती, आईने सोडलं नाही. टाकीतलं ते लाल पाणी बाहेर काढलं तेव्हा जो वास आला तो बंद पडलेल्या विहिरीचा, मग थोडं ब्लीच घालून दोनदा धुतली. पुढच्या बर्थखाली हवा जायचं भोक असतं, त्याचं रबरी बूच वाळून चिरलेलं होतं, तेही बदललं. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि पाण्यात गेल्यावर सगळ्यात महत्त्वाचा.

त्या बुचाचीच गंमत सांगतो. पहिल्यांदा रॅम्पवरून बोट सोडली, धक्क्याला बांधली, टाकी भरायला मागचा व्हॉल्व उघडला आणि ऐटीत घड्याळ लावून बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं, बोट जिथल्या तिथे. व्हॉल्वमध्ये काठी घालून बघितली, मोकळा. शेजारी मासे पकडणारा एक जण सगळं बघत होता, शेवटी त्याने बिअरची रिकामी बाटली पालथी करून पाण्यात दाबली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. हवेचं बूच काढायलाच विसरलो होतो. काढलं आणि भोकातून असा फुस्स आवाज आला की बायको दचकली, आणि मागे गुडगुड सुरू. सात-आठ मिनिटांत भरते, बोट दोनेक इंच खाली बसते आणि हालचाल एकदम बदलते, धक्क्यावरून उडी मारली तर आधी टुणकन हलायची ती आता जड होऊन बसते. भोकात हाताचं बोट घालून पाणी लागतंय का बघायचं, वर आलेलं दिसलं पाहिजे, मग आधी व्हॉल्व आणि मग बूच घट्ट बंद.

अर्धी टाकी भरून निघू नका, याबद्दल मी फार कडक आहे. परातीत पाणी घेऊन चालून बघा, जरा कललात की सगळं पाणी त्या बाजूला धावतं आणि तुम्हाला अजून कलवतं. तेच पाणी झाकण लावलेल्या बरणीत काठोकाठ भरलं तर हलायला जागाच नाही. अर्धी टाकी म्हणजे परात. कोणी म्हणेल मोटरवर थोडं अंतर तर जायचंय, कशाला भरायची. काठी वर उभी आहे आणि पोरं डेकवर आहेत तोवर भरायची, विषय संपला. बोटीत फोम भरलेला आहे, पाणी शिरलं तरी बुडत नाही, हे चांगलंच आहे, पण बुडत नाही आणि उलटत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चालवायला कशी? हलकी. हलक्या वाऱ्यात, आठ-दहा नॉट, मजा येते, सुकाणू दोन बोटांनी धरा, शेजारच्या जड बोटी अजून विचार करत असतात तोवर ही निघालेली असते. बाराच्या वर गेला की मी मोठं शीड रीफ करून छोटं करतो, पंधराला पुढचंही अर्धं गुंडाळतो, लोक हसतात, हसू देत. वाऱ्याच्या तोंडावर लोखंडी कीलवाल्या बोटींसारखी ती घुसत नाही, लाटेने थबकते, आणि धक्क्याला लावताना वाऱ्याने कागदासारखी सरकते, त्यासाठी बोर्ड थोडं खाली ठेवायचं, लगेच पकड येते. आत चौघं झोपू शकतात असं म्हणतात. झोपलो आहोत. चौघांत एक सात वर्षांची होती म्हणून. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये रात्री केबिनमध्ये झोपणं म्हणजे वाफेवर मोदक ठेवल्यासारखं आहे, एप्रिल आणि ऑक्टोबर मात्र स्वर्ग.

एक कायद्याची गंमत, टेक्सासात २६ फुटांपेक्षा लहान बोट चालू असताना १३ वर्षांखालच्या पोरांना लाइफ जॅकेट घालावंच लागतं. हिच्या नावात २६ असलं तरी मोजायला ती २५ फूट १० इंच आहे. मुलीने "नावात ट्वेंटी सिक्स आहे" असा वाद घातला होता, दोन इंचांनी हरली.

परत येताना मात्र ही बोट तुमचा संयम बघते. ट्रेलरवर चढवली की ती अजून बाराशे पौंड जास्त आहे. हळूहळू रॅम्पवर वर यायचं, मागचा व्हॉल्व आणि पुढचं बूच दोन्ही उघडायचं आणि पाणी वाहून जाऊ द्यायचं. रविवारी संध्याकाळी मागे सहा बोटींची लाइन आणि तुमच्या बोटीच्या मागून म्युनिसिपालिटीचा नळ फुटल्यासारखं पाणी वाहतंय, लोक हॉर्न नाही वाजवत पण बघतात. मी आता थोडं वर घेऊन बाजूला उभी करतो आणि दहा मिनिटं देतो. एकदा घाईत बूच उघडायला विसरलो आणि निघालो, पहिल्याच चढावर हायलँडर म्हशीसारखी बसली तेव्हा लक्षात आलं. ट्रक स्टॉपच्या काट्यावर एकदा सगळं वजन करून घेतलंय, बोट, ट्रेलर, मोटर, सामान मिळून २८६० पौंड, म्हणजे त्या दिवशी चार हजारांच्या वर ओढत होतो, स्प्रिंग नवीन होती म्हणून वाचलो.

आणि पूर्ण रिकामी करणं हा नुसता वजनाचा प्रश्न नाही. झेब्रा शिंपले. टेक्सासात ते पहिल्यांदा २००९ मध्ये याच लेक टेक्सोमात सापडले, आता बऱ्याच तळ्यांत आहेत, पाइप बुजवतात, बोटींच्या तळाला चिकटतात, आणि त्यांची पिल्लं इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. २०१४ पासून अख्ख्या राज्यात नियम आहे की तळ्यावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढायचं. मोटरबोटवाल्याचं काय, एक बूच काढलं की झालं. आपल्या पोटात ५४५ लिटर, आणि सपाट जमिनीवर उभी केली तर शेवटची दोन-तीन बादल्या आतच राहते. म्हणून ट्रेलरचा पुढचा जॅक पूर्ण वर करायचा, नाक आकाशाकडे, आणि व्हॉल्व उघडा ठेवून जायचं. मी एका सीझनला एकच तळं असं ठरवून टाकलंय, आणि दुसरीकडे नेलीच तर मध्ये दोन आठवडे सगळं उघडं ठेवून वाळवतो. हा त्रास बोट घेताना कोणी सांगत नाही, पाणी भरता येतं एवढंच सांगतात.

कागदपत्रांत जास्त काही नाही, पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते, टेक्सासात बोटीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, वेगळं आणि आउटबोर्डचं वेगळं, दोन्ही पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे, आणि ट्रेलरचं काउंटी टॅक्स ऑफिसात. त्यावर सव्वासहा टक्के टॅक्स. बोटीच्या मागे उजव्या बाजूला बारा अक्षरांचा नंबर असतो, शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष, ते टायटलशी जुळवून बघा. मोटरचा नंबरही जुळवा. माझ्या केसमध्ये म्हातारबाबांना मोटरचं टायटल सापडायला तीन आठवडे लागले, तोवर मी हजार डॉलर हातात ठेवले होते, तेवढी एक हुशारी केली. घरासमोर लावायचा विचार असेल तर आधी एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे, नियम वाचा, आम्हाला अकराव्या दिवशी पत्र आलं. आता स्टोरेजला महिना सत्तर, म्हणजे मरीनाचं भाडं वाचवायला निघालो आणि भाडं भरतोच आहे, फक्त कमी.

डोलकाठी उभी करणं, टाकी भरणं, शिडं लावणं, पार्किंग, सगळं धरून पोचल्यापासून निघेपर्यंत आम्हाला पहिल्यांदा अडीच तास लागले, आता पन्नास मिनिटं लागतात. उभी करायच्या आधी वर विजेच्या तारा आहेत का बघा, काठी ॲल्युमिनियमची आहे. तुम्हाला ऑफिसनंतर संध्याकाळी दोन तास चालवायची असेल तर ही तुमची बोट नाही, मरीनातच ठेवा किंवा छोटी घ्या. पण महिन्यातून दोन वीकेंड, घरात मध्यम एसयूव्ही, दोन पोरं, आणि वर्षातून एकदा खाली मेक्सिकोच्या आखातावर न्यायचं स्वप्न, तर या पैशात यापेक्षा जास्त जागा आणि कमी वजन मला तरी कुठे दिसलं नाही. २६एक्स घेऊ का असं दोघांनी विचारलं. पोरांना मागे ट्यूबवर ओढायचं असेल तर घ्या, दोन्ही होतं तिच्यात, पण जड आहे, महाग आहे, आणि शिडावर २६एस तिच्यापेक्षा छान चालते असं माझं मत आहे.

बाकी भाव करताना ट्रेलर धरून बोला. टायरची तारीख पाच वर्षांच्या आतली, स्प्रिंग आणि ब्रेक धड असतील तर २६एस ला पाच-साडेपाच हजार द्यायला हरकत नाही. नसतील तर सरळ दीड हजार वजा करून आकडा सांगा आणि आइस्ड टी पिऊन घरी या, उन्हाळा संपला की अजून दोन-चार निघतातच विकायला.